कोळ्याचे घर आणि मोमिनाची बाग

दिव्य कुरआनच्या 114 सूरहांपैकी 16 व्या सूरहचे नाव 'अन्-नहल' म्हणजे मधमाशी, 27 व्या सूरहचे 'अन्-नम्ल' म्हणजे मुंगी आणि 29 व्या सूरहचे 'अल्-अन्कबूत' म्हणजे कोळी असे आहे. सृष्टीच्या निर्मात्याने आपल्या अखेरच्या ग्रंथात या क्षुद्र समजल्या जाणाऱ्या जिवांना स्थान दिले, यात विचार करणाऱ्यांसाठी मोठा बोध आहे. सूरह बकराच्या 26 व्या आयतीत तर स्पष्टच सांगितले आहे की, मच्छराचेच काय, त्याहूनही लहान वस्तूचे उदाहरण देण्यास अल्लाहला संकोच वाटत नाही. ज्याचा उल्लेख करण्यास निर्मात्याला संकोच नाही, त्याविषयी विचार करण्यास बंद्याला कमीपणा का वाटावा?

म्हणूनच, प्रिय वाचक बंधू-भगिनींनो, या वेळी वरकरणी अगदी लहान भासणारा एक प्रश्न आपल्यासमोर मांडत आहोत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, देवगड या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ आंबा आणि काजूच्या कलमांवर चालतो. शेडनेटच्या सावलीत हजारो पिशव्या मांडलेल्या असतात. पावसाळ्यात कलमे बांधली जातात, त्यांना कोवळी पालवी फुटते आणि त्याबरोबरच फुलकिडे, मावा, पांढरी माशी, पाने कातरणारा भुंगा अशी किडींची फौज दाखल होते. त्यांच्या मागोमाग येतो कोळी. बांबूच्या खांबांमध्ये, जाळीच्या कोपऱ्यात, दोन कलमांच्या शेंड्यांमध्ये तो आपले जाळे विणतो. आता घरातील एक जण म्हणतो, ही जळमटे झाडून टाका, गिऱ्हाईक काय म्हणेल? दुसरा म्हणतो, राहू द्या, तो किडे खातो. तिसरा फवारणीचा पंप भरू लागतो. यांपैकी कोणाचे म्हणणे दीनच्या दृष्टीने योग्य आहे?

प्रश्न कोळ्याचा असला तरी त्याच्या उत्तरात फवारणी करणाऱ्या मजुराचे आरोग्य, शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी, गिऱ्हाइकाशी राखावयाचा प्रामाणिकपणा आणि आपल्या रोजीची शुद्धता या साऱ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत. म्हणून त्याचा शांतपणे विचार केला पाहिजे.

दोन ऐकीव समजुती

आपल्या समाजात कोळ्याविषयी परस्परविरोधी अशा दोन समजुती रूढ आहेत. पहिली अशी की, हिजरतच्या प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत अबू बकर सिद्दीक (रजि.) सौर पर्वतावरील गुहेत असताना कोळ्याने गुहेच्या तोंडाशी जाळे विणले व शत्रू परत फिरले, म्हणून कोळ्याला मारणे हे पाप होय. दुसरी अशी की, घरात जळमटे राहिली की दारिद्र्य येते, म्हणून कोळी दिसताच त्याला ठार करावे.

दोन्ही समजुतींकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. गुहेतील प्रसंगाचा उल्लेख सूरह तौबाच्या 40 व्या आयतीत आहे. दोघांपैकी दुसऱ्याने आपल्या सोबत्याला दुःखी न होण्यास सांगितले, अल्लाह आपल्याबरोबर आहे याची ग्वाही दिली आणि अल्लाहने दृष्टीस न पडणाऱ्या सैन्यांनी त्यांना बळ दिले, असे तेथे वर्णन आहे. कोळ्याचा उल्लेख मात्र त्या आयतीत नाही. जाळ्याची हकीकत मुस्नद अहमदमधील एका रिवायतीत येते. काही विद्वानांनी ती ग्राह्य मानली, तर अनेक मुहद्दिसांनी तिची सनद कमकुवत ठरवली. या हकीकतीबद्दल मनात आदर बाळगण्यास हरकत नाही, परंतु तिच्या आधारावर एखादी गोष्ट हराम ठरवता येत नाही. दारिद्र्याच्या समजुतीचेही तसेच आहे. तिच्या पाठीशी प्रेषितांपर्यंत पोहोचणारा खात्रीलायक आधार नाही. रोजी देणारा अल्लाह आहे. कोपऱ्यातील जळमट ना ती आणते, ना घालवते.

दीनमध्ये कोणतीही गोष्ट हलाल वा हराम ठरवण्याचा अधिकार अल्लाह आणि त्याच्या प्रेषिताचा आहे. आजीकडून ऐकलेली गोष्ट प्रेमाने जपावी, पण तिला शरीअतचा दर्जा देऊ नये.

आयतीचा खरा रोख

सूरह अन्कबूतच्या 41 व्या आयतीत अल्लाहला सोडून इतरांना आपले संरक्षक मानणाऱ्यांना कोळ्याची उपमा दिली आहे. तो घर बांधतो, पण सर्व घरांत दुबळे घर त्याचेच असते. काही लोक या आयतीवरून कोळी हा निंद्य जीव असल्याचा अर्थ काढतात. येथे निंदा कोळ्याची नसून चुकीच्या ठिकाणी ठेवलेल्या भरवशाची आहे.

कोळ्याचा धागा दुबळा नसतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच्या शरीरातील द्रवरूप प्रथिनापासून तयार होणारा हा धागा वजनाच्या तुलनेत पोलादाहूनही बळकट असल्याचे वैज्ञानिक सांगतात. तरीही ते घर ना ऊन अडवते, ना पाऊस, ना वारा. मृगाची पहिली सर आली की मालवणच्या कोणत्याही कुंपणावरील जाळ्याची काय दशा होते, ते आपण दरवर्षी पाहतो. धागा मजबूत, पण घर दुबळे! माणसाचेही असेच होते. त्याच्याजवळ पैसा असतो, साधने असतात, हुशारी असते. प्रत्येक धागा मजबूत असतो. मात्र ज्याच्या आश्रयाला तो गेलेला असतो, तो आश्रयच पोकळ असतो. आज जो बागायतदार म्हणतो की, माझे पीक या बाटलीमुळे वाचते, त्याने क्षणभर थांबून स्वतःला विचारावे की, कोळ्याचे घर नेमके कोण बांधतो आहे? सूरह वाकिआमध्ये अल्लाहने हाच प्रश्न केला आहे की, जे तुम्ही पेरता ते उगवणारे तुम्ही आहात की आम्ही?

याचा अर्थ उपाय करू नयेत असा मुळीच नाही. उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. साधने वापरणे ही सुन्नत आहे, साधनालाच तारणहार समजणे ही चूक आहे.

शरीअतची भूमिका

सूरह अन्आमच्या 38 व्या आयतीत सांगितले आहे की, जमिनीवर चालणारा प्रत्येक प्राणी आणि पंखांनी उडणारा प्रत्येक पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील एका हदीसमध्ये पूर्वीच्या एका प्रेषिताची हकीकत आहे. त्यांना एक मुंगी चावली, तेव्हा त्यांनी मुंग्यांचे सारे वारूळ जाळवले. अल्लाहने त्यांना जाणीव दिली की, एका मुंगीने दंश केला म्हणून तुम्ही अल्लाहची स्तुती करणारा एक समुदायच नष्ट केला. या एका प्रसंगात कीडनियंत्रणाचे मोठे तत्त्व सामावलेले आहे: अपराध एकाचा आणि शिक्षा सर्वांना, हा न्याय नव्हे. सरसकट विषाची फवारणी ही याच जातीची शिक्षा असते. तुडतुडा मरतो, त्याच्याबरोबर तुडतुडा खाणारा कोळीही मरतो आणि फुलावर आलेली मधमाशीही मरते.

दुसऱ्या बाजूने, शरीअत माणसावर अशक्य ओझे टाकत नाही. उपद्रवी जीव मारण्याची परवानगी हदीसमध्ये आहे. विंचू, उंदीर यांची नावे तर स्पष्टपणे आलेली आहेत. कोकणातील मुस्लिम बहुसंख्येने शाफई मसलकाचे अनुयायी आहेत. या मसलकाचे थोर विद्वान इमाम नववी (रह.) यांच्या ग्रंथात प्राण्यांची जी विभागणी आढळते, तिचा आशय असा की, जो केवळ उपद्रव देतो त्याला मारणे योग्य, ज्याच्यात उपद्रव आणि उपयोग दोन्ही आहेत त्याला मारणे ना पसंत, ना नापसंत, आणि ज्याच्यात दोन्ही नाहीत त्याला विनाकारण मारणे मकरूह. या मापाने पाहता कोळ्याला मारणे हराम म्हणता येत नाही, तसेच तो उपयोगी असताना केवळ किळस वाटते म्हणून त्याला चिरडणेही मोमिनाला शोभत नाही.

आणि मारण्याची गरज पडलीच तर तेही चांगल्या रीतीने करावे, हा प्रेषितांचा (स.) आदेश आहे. कोणत्याही जिवाला आगीने शिक्षा देण्यास त्यांनी मनाई केली आहे. काठीला पेटते फडके बांधून जळमटे व कोळी जाळण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती म्हणूनच सोडून दिली पाहिजे. शिवाय शेडनेटच्या प्लास्टिकखाली आग नेणे हा शहाणपणाही नव्हे.

एका शब्दाने केलेला घोटाळा

येथे आपल्या मराठी भाषेतील एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. शेतीच्या पुस्तकांत आणि औषधांच्या दुकानांत 'लाल कोळी' नावाच्या किडीचे नाव ऐकू येते. माडाच्या फळांवर डाग पाडणाऱ्या सूक्ष्म जिवालाही 'कोळी'च म्हणतात. भारतात तो 1998 मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात प्रथम आढळला. हे डोळ्यांना जेमतेम दिसणारे किंवा न दिसणारे जीव पानाफळांतील रस शोषतात. जाळे विणणारा आठ पायांचा कोळी मात्र झाडाचा रस शोषत नाही, तो जिवंत भक्ष्यावर जगतो. दोघे दूरचे नातलग असले तरी एक चोर आहे आणि दुसरा राखणदार. केवळ नाव सारखे म्हणून राखणदाराला चोराची शिक्षा देणे कितपत योग्य? सूरह हुजुरातच्या 6 व्या आयतीत आज्ञा आहे की, बातमी आली तर खातरजमा करा, अन्यथा अजाणतेपणी कोणाला इजा कराल आणि मागाहून पस्तावाल. ही आज्ञा माणसांविषयीची आहे, पण तिच्यातील शिस्त प्रत्येक व्यवहारात लागू पडते. औषध विकत घेण्यापूर्वी कीड ओळखा. वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. किडलेली डहाळी पिशवीत घालून तेथे दाखवणे, ही बाटलीपेक्षा स्वस्त खातरजमा आहे.

राखणदाराची ताकद आणि मर्यादा

2017 मध्ये दोन युरोपीय वैज्ञानिकांनी अंदाज बांधला की, जगातील सारे कोळी मिळून वर्षाला 40 ते 80 कोटी टन भक्ष्य खातात, आणि त्यातील बहुतांश कीटक असतात. अल्लाहने उभारलेली केवढी ही व्यवस्था! सूरह रहमानमध्ये ज्या 'मीजान'चा म्हणजे तराजूचा उल्लेख आहे आणि ज्यात बिघाड न करण्याची ताकीद आहे, त्याची एक झलक येथे दिसते.

तथापि, सत्य सांगणाऱ्याने पूर्ण सत्य सांगावे. कोळी हा सर्व रोगांवरचे औषध नाही. भक्ष्याच्या हालचालीवरून त्याला त्याचा सुगावा लागतो. म्हणून एका जागी चिकटून बसणारे पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांच्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. कीड आठवड्याभरात वाढते, कोळ्याची संख्या तशी झपाट्याने वाढत नाही, कारण ते एकमेकांनाही खातात. शिवाय रापणीच्या जाळ्यात जसा बांगडाही येतो आणि नको असलेली मासळीही येते, तसेच कोळ्याचे जाळे मित्रकीटक आणि शत्रुकीटक असा भेद करीत नाही. रोपवाटिकेत फुलांचे परागीभवन व्हावयाचे नसते, म्हणून मधमाशी अडकण्याचा तोटा तेथे फारसा नाही. बागेत मोहर असताना मात्र थेट मोहरावरील दाट जाळी काठीने बाजूला करणे योग्य ठरेल. राखणदार एकटा पुरत नाही, म्हणून त्याला हाकलून देणे हा मूर्खपणा. आणि तो आहे म्हणून आपण झोपणे हा आळस.

जगाने घेतलेले धडे

जगातील सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येच्या देशाचे, इंडोनेशियाचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी थैमान घातले होते. फवारणी वाढवावी तसे तुडतुडेही वाढत होते, कारण विषाने प्रथम मरत होते ते तुडतुडे खाणारे कोळी व इतर भक्षक. 1986 मध्ये तेथील सरकारने भातासाठीच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढे कीटकनाशकांवरील अनुदानही बंद केले. शेतकऱ्यांना शेतातच बसवून मित्र कोण व शत्रू कोण ते शिकवले गेले. भाताचे उत्पादन घटले नाही, वाढतच राहिले.

दुसरे उदाहरण दुःखद आहे आणि आपल्याच काजूच्या पिकाशी संबंधित आहे. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूवरील ढेकण्या या किडीसाठी 1970 च्या दशकापासून 2000 पर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. त्या बागांखालच्या वस्त्यांमध्ये व्यंगे घेऊन जन्मलेली मुले आणि मज्जासंस्थेच्या विकारांनी ग्रासलेली माणसे साऱ्या देशाने पाहिली. 13 मे 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषावर बंदी घातली आणि जानेवारी 2017 मध्ये पीडितांना प्रत्येकी 5 लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. त्याच 2017 च्या पावसाळ्यात आपल्या महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला.

सूरह बकराच्या 205 व्या आयतीत अशा माणसाचे चित्र आहे, जो पृथ्वीवर बिघाड माजवतो, शेती आणि पिढी नष्ट करतो. आणि अल्लाहला बिघाड आवडत नाही. शेती आणि पिढी ही दोन नावे एकत्र का आली असावीत, हे कासरगोडकडे पाहून उमगते.

चार हक्क

तेव्हा रोपवाटिकेत पंप उचलण्यापूर्वी मोमिनाने चार हक्कदार डोळ्यांसमोर आणावेत.

पहिला हक्कदार फवारणी करणारा मजूर. घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, असे प्रेषितांनी (स.) फर्मावले. ज्या घामाची एवढी कदर, त्या घामात विष मिसळू देणे कसे चालेल? हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडे पुरवणे आणि वाऱ्याच्या दिशेचे भान ठेवणे, हे मालकाचे उपकार नसून मजुराचा हक्क आहे. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल रंग सर्वांत जहाल विषाची खूण आहे, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा.

दुसरा हक्कदार शेजारी. आपली जमीन जांभ्या दगडाची. तिच्यातून मुसळधार पावसाचे पाणी झिरपते आणि त्याबरोबर पंप धुतलेले पाणीही झिरपते. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही, त्याच्या ईमानविषयी प्रेषितांनी (स.) किती कठोर शब्द वापरले आहेत, ते आपण जाणतो. शेजारी कोणत्या धर्माचा आहे हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. विहिरीच्या पाण्याला धर्म नसतो.

तिसरा हक्कदार गिऱ्हाईक. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. वरून कोरडे धान्य दाखवणाऱ्याला त्यांनी बजावले की, फसवणूक करणारा आमच्यापैकी नाही. वरून तुकतुकीत दिसणाऱ्या कलमाच्या पानांखाली वा मुळांशी पिठ्या ढेकूण असेल, तर तेही आत भिजलेलेच धान्य होय. उलट, एखादे जाळे दिसल्याने गिऱ्हाईक नाराज होत असेल, तर त्याला खरे काय ते सांगावे आणि कलम देताना जाळे हाताने काढून द्यावे. केवळ देखाव्यासाठी विष मारू नये.

चौथा हक्कदार तो मुका जीव. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजल्यामुळे एकाला क्षमा मिळाली आणि मांजरीला उपाशी कोंडल्यामुळे एक स्त्री शिक्षेस पात्र ठरली. ज्या न्यायालयात मांजरीची फिर्याद ऐकली जाते, तेथे कोणताही जीव क्षुद्र नाही.

मग करावे काय?

घर आणि रोपवाटिका यांत फरक करावा. घरातील, मशिदीतील, स्वयंपाकाच्या जागेतील जळमटे अवश्य झाडावीत. स्वच्छता हा ईमानचा भाग आहे. झाडताना कोळी दिसला तर त्याला केरसुणीवर घेऊन पडवीबाहेर किंवा माडाच्या आळ्याकडे सोडावे. हे पुण्यही आहे आणि बागेचा फायदाही.

रोपवाटिकेत ये-जा करण्याच्या वाटांवरील जाळी काढावी, कोपऱ्यांतील व छताजवळील राहू द्यावीत. कलमे उचलताना हातमोजे घालावेत. बहुतेक कोळी माणसाला इजा करीत नाहीत, तरीही दाबला गेलेला जीव चावू शकतो. आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहावीत. किडका शेंडा आधी हाताने खुडावा. कीड एका वाफ्यात असेल, तर उपाय त्या वाफ्यापुरताच करावा. सौम्य उपाय प्रथम, जहाल उपाय शेवटी. आणि तोही जाणकारांना विचारून, सांगितलेल्या प्रमाणातच. प्रमाण दुप्पट केल्याने बरकत दुप्पट होत नाही.

प्रेषितांनी (स.) सांगितले आहे की, मुसलमानाने लावलेल्या झाडाचे माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने जे काही खाल्ले, ते लावणाऱ्यासाठी सदका ठरते. बंधू-भगिनींनो, ज्याच्या रोपवाटिकेतून वर्षाला हजारो कलमे बाहेर पडतात, त्याच्यासाठी सदक्याची केवढी मोठी वाट खुली आहे! त्याच्या मृत्यूनंतरही कुठल्या तरी डोंगराच्या उतारावर त्याचे कलम मोहरत राहील. अशा झाडाची सुरुवात कोणाच्या श्वासात विष घालून, कोणाचे पाणी नासवून होऊ नये, एवढी काळजी तरी आपण घेतलीच पाहिजे.

अल्लाह आपल्याला त्याच्या सृष्टीतील समतोल ओळखण्याची दृष्टी देवो, आपली रोजी शुद्ध ठेवो, आपल्या हातून आणि जिभेने इतरांना सुरक्षित ठेवो आणि कोळ्याच्या घरासारख्या दुबळ्या आधारांपासून आपले मन सोडवून स्वतःच्या आश्रयास घेवो. आमीन.